डिझेल बदललं आणि जुन्या गाडीचं अ‍ॅव्हरेज १६ वरून १३ वर आलं, असं का?

तुमची गाडी वीस वर्षं जुनी, रोटरी पंपाची (इंजिनात दाबाने डिझेल सोडणारा फिरता पंप). पूर्वी लिटरला १६ किलोमीटर जायची, कमी गंधकाचं डिझेल भरायला लागल्यापासून १३ वर आली. दोष डिझेलचा आहे का आणि टाकीत काही मिसळावं का, असं तुम्ही विचारलंय. डिझेल बदलल्यामुळे थेट जातं ते फार तर अर्धा किलोमीटर. बाकीचे अडीच गाडीतच कुठेतरी जाताहेत. मात्र त्यातल्या एका मोठ्या कारणाला वाट या नव्या डिझेलनेच करून दिलेली असू शकते, म्हणून तुमची शंका अगदीच चुकीची नाही.

आधी तो अर्धा किलोमीटर. अमेरिकेत २००६ पासून रस्त्यावरच्या गाड्यांसाठी १५ पीपीएम (दहा लाख भागांत १५ भाग), युरोपात २००९ पासून आणि भारतात एप्रिल २०२० पासून १० पीपीएम गंधकाचं डिझेल आलं. गंधक गेल्याने ताकद जात नाही. पण ते काढण्यासाठी रिफायनरीत डिझेलवर जास्त दाबाखाली हायड्रोजनची प्रक्रिया करतात आणि त्यात अ‍ॅरोमॅटिक घटकही (वलयाच्या रचनेचे हायड्रोकार्बन) कमी होतात. हे घटक जड असतात, त्यामुळे घनता जराशी उतरते. युरोपच्या ईएन ५९० मानकात १५ अंश सेल्सिअसला ८२० ते ८४५ किलो प्रति घनमीटर एवढी घनता चालते. या दोन टोकांमध्ये लिटरमागच्या ऊर्जेत साधारण ३ टक्क्यांचा फरक पडतो. जुना पंप डिझेल वजनाने नाही, आकारमानाने मोजतो. माप तेच, पण मापातली ताकद कमी, म्हणून पाय आपोआप थोडा जास्त दाबला जातो. १६ चे ३ टक्के म्हणजे अर्ध्या किलोमीटरच्या आत, आणि हे सर्वांत वाईट धरून. बायोडिझेल मिसळलेलं असेल तर शुद्ध बायोडिझेलमध्ये लिटरमागे ८ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा कमी असते. म्हणजे ७ टक्के मिश्रणात जेमतेम अर्धा टक्का.

आता रबर. जुन्या पंपातल्या ओ-रिंग (गोल रबरी कड्या) आणि सील बहुतेक नायट्राइल रबराच्या असतात. जास्त अ‍ॅरोमॅटिक असलेल्या डिझेलमध्ये हे रबर थोडं फुगून राहतं आणि त्या फुगण्यावरच सील घट्ट बसलेलं असतं. अ‍ॅरोमॅटिक घटले की फुगवटा उतरतो. नवं, लवचिक रबर जागा भरून काढतं. उष्णतेने कडक झालेलं जुनं रबर आकसून तसंच राहतं. गळती सुरू होते ती बहुधा थ्रॉटल लिव्हरच्या शाफ्टपाशी आणि पंपाच्या वरच्या झाकणाच्या कडेला.

डिझेलचे साधारण ४० ते ५० थेंब म्हणजे १ मिलिलिटर. सेकंदाला एक थेंब पडला तर तासाला ७० ते ९० मिलिलिटर गेलं. ताशी सरासरी ४० किलोमीटरने, लिटरला १६ या हिशेबाने गाडी तासाला अडीच लिटर पिते. म्हणजे एका थेंबाच्या गळतीत ३ टक्के गेले, इंधनातल्या सगळ्या बदलाइतके.

पण खरं नुकसान हवेने होतं. इंजिन चालू असताना पंपात दाब असतो, म्हणून डिझेल बाहेर झिरपतं. गाडी उभी राहिली की त्याच फटीतून हवा आत शिरते आणि डिझेल टाकीकडे उतरतं. सकाळी स्टार्टर लांब मारावा लागत असेल तर हेच समजा. टाकी ते पंप या भागात डिझेल दाबाने ढकललं जात नाही, ओढून घेतलं जातं. तिथे सील सैल असलं तर थेंब दिसतही नाही, चालू गाडीत हवा ओढली जाते. रोटरी पंपात टायमिंग, म्हणजे इंजिनात डिझेल सोडण्याची वेळ, पुढे नेणारा पिस्टन पंपातल्या दाबावरच चालतो. हवा आली की दाब पडतो, टायमिंग मागे राहतं, डिझेल उशिरा जळतं. पिकअप मंद, थंड असताना पांढरा धूर, आणि अ‍ॅव्हरेज गेलं.

तपासणी अशी करा. पंप धुऊन कोरडा पुसा, वर खडूची पूड भुरभुरवा, गाडी १५ मिनिटं चालू ठेवा. ओली रेघ जिथून निघेल तिथे गळती. मग फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये हातभर पारदर्शक नळी, डिझेलला टिकणारी, क्लिप लावून बसवा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे आले तर चालतील. सतत माळ दिसली तर हवा या नळीच्या आधी कुठेतरी शिरते आहे. फिल्टरच्या डोक्याची रबरी रिंग, हातपंप आणि टाकीकडच्या नळीची टोकं या क्रमाने पाहा.

सील बदलताना पूर्ण किट घाला आणि ते व्हिटॉनचं (इंधनाला टिकणारं फ्लोरीनयुक्त रबर) मागून घ्या, अ‍ॅरोमॅटिक किंवा बायोडिझेल कमीजास्त झालं तरी ते टिकतं. एकच रिंग बदलली तर लवकरच शेजारची गळू लागू शकते. डिझेलमध्ये बायोडिझेल असेल तर ते टाकीतला जुना गाळ सोडवतं, त्यामुळे पहिल्या दोन-तीन टाक्यांनंतर फिल्टर बदला.

टाकीत काही मिसळू नका. गंधक गेल्याने डिझेलचा वंगणपणा जातो, अशी भीती असते, पण तो गंधकामुळे नव्हता. त्याच प्रक्रियेत निघून जाणाऱ्या दुसऱ्या घटकांमुळे होता, आणि त्यांची भरपाई अ‍ॅडिटिव्हने केलेली असते. ईएन ५९० च्या चाचणीत डिझेलमध्ये बुडवलेली पोलादी गोळी पत्र्यावर घासतात आणि गोळीवरचा ओरखडा ४६० मायक्रॉनच्या आत लागतो. रॉकेल तर मुळीच नको. ते डिझेल पातळ करतं आणि पंप खरोखर घासून जातो.

१३ हा आकडाही पक्का करा. एकाच पेट्रोल पंपावर, पहिल्या कटला (भरणं आपोआप बंद होतं तेव्हा) थांबून टाकी फुल, अशा सलग तीन टाक्यांची सरासरी काढा. गळती आणि हवा दोन्ही नसतील तर इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलचा दाब व फवारा, उघडा अडकलेला थर्मोस्टॅट (इंजिनाचं तापमान राखणारी झडप) आणि घासणारा ब्रेक पाहा. थर्मोस्टॅट सहज विसरला जातो, पण इंजिन कायम गार राहिलं तर डिझेल भरपूर खातं.

पंप उतरवायचा असेल तर आधी पंपाच्या फ्लँजवर (इंजिनाला बोल्टने बसणाऱ्या कडेवर) आणि इंजिनावर एका रेषेत छिन्नीची खूण करा. परत बसवल्यावर खुणेवर न थांबता डायल गेजने (बारीक हालचाल मोजणाऱ्या काट्याच्या मापकाने) टायमिंग मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवून घ्या. खूण एखाद-दोन अंशांनी चुकली तरी नव्या सीलने वाचवलेलं डिझेल उशिरा जळण्यात परत जातं.