नाथसागरावर पक्षी बघायला कोणता स्कोप घ्यावा?

प्रश्न: हिवाळ्यात आम्ही जायकवाडी धरणाच्या नाथसागर जलाशयावर रोहित पक्षी बघायला जातो, पण ते लांब असले की ८×४० च्या दुर्बिणीत नुसते ठिपके दिसतात. स्वस्तातला स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्यानं बघायची, ट्रायपॉडवर लावायची मोठी दुर्बीण) घ्यावा म्हणतो, ६० पट झूमवाला चालेल का?
– एक वाचक, पैठण

उत्तर: झूमच्या आकड्याला भुलू नका राव. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले झूम, तेवढ्याच मिलिमीटरचा उजेडाचा झोत डोळ्यात येतो, म्हणजे ६० मिमीच्या स्कोपला ६० पट लावलं की जेमतेम १ मिमी, चित्र अंधारं अन् पुसट, तेच २० पटीला ३ मिमी. त्यात आपल्याकडचं ऊन, तापलं की पाण्यावरची हवा अशी लहरते की लाखाच्या स्कोपातही पक्षी थरथरतच दिसणार, तर सकाळी लवकर जा. २०-६०×८० वाला (म्हणजे २० ते ६० पट झूम, पुढचं भिंग ८० मिमीचं) बजेटात बसला तर उत्तम, जड असतो पण उजेड बरा देतो. अन् सगळे पैसे स्कोपवरच उडवू नका, ट्रायपॉड लेचापेचा असला तर वाऱ्यात काही धड दिसत नाही (मी त्याला पाण्याची भरलेली बाटली लटकवतो). पोरंबाळंही बघणार असतील तर तिरप्या आयपीसचा (डोळा लावायचं भिंग वरच्या बाजूला कललेलं असतं तो) घ्या, दरवेळी उंची बदलत बसावं लागत नाही.