पत्रावर भेट, मनात कर्ज

‘आई-बाबा डाउन पेमेंटसाठी पैसे देतायत. घेऊ की नको?’ हा प्रश्न घेऊन माझ्याकडे बरीच तरुण जोडपी येतात. हिशेब बहुतेकांनी केलेला असतो, हप्ता झेपेल की नाही तेही पाहिलेलं असतं. घोडं अडतं ते दुसरीकडेच. पैसे घेतले तर घर आपलं राहील का, आणि नाही घेतले तर त्यांना काय वाटेल, अशी दुहेरी धास्ती असते.

अशाच एका कुटुंबाची ही हकीकत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, अडचण मात्र बदललेली नाही.

पहिल्यांदा त्या घरातली लेक एकटीच आली. घराच्या किमतीच्या ८० टक्के कर्ज द्यायला बँक तयार होती. उरलेल्या २० टक्क्यांपैकी ५ टक्के दोघांनी साठवले होते, १५ टक्के तिचे वडील देणार होते. बँकेने वडिलांच्या सहीचं पत्र मागितलं होतं. ते तिने पिशवीतून काढून माझ्यापुढे ठेवलं. तीनच वाक्यं. ही रक्कम मी मुलीला भेट देत आहे, परतफेडीची अपेक्षा नाही, या घरावर माझा हक्क राहणार नाही.

“बाबांनी उभ्या उभ्या सही केली,” ती म्हणाली. “आईने पत्र हातात घेतलं, दोनदा वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. एक शब्द बोलली नाही. तेव्हापासून मला झोप नाही.”

त्यावर नवरा-बायकोंनी तोडगाही काढला होता. बँकेच्या पत्रात भेट लिहायची, आणि घरात ते कर्ज समजून दरमहा थोडे थोडे फेडायचे.

इथे मी तिला थांबवलं. बँक हे पत्र उगाच मागत नाही. तुमच्या पगारातून दुसरीकडेही हप्ता जाणार असेल तर बँकेचा हप्ता भरण्याची तुमची ऐपत कमी होते. उद्या घर विकून वसुली करायची वेळ आली तर त्यावर आणखी कोणी हक्क सांगेल का, हेही तिला आधी कळायला हवं असतं. फेडायचं ठरवून ‘भेट’ लिहून देणं म्हणजे बँकेला खोटी माहिती देणं, आणि ते अंगाशी येऊ शकतं. खरोखर कर्जच असेल तर तसं सांगावं. काही बँका ते हिशेबात धरून पुढे जातात, काही नकार देतात.

पण मला जास्त काळजी वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. अशा मनातल्या कर्जाला मुदत नसते, हप्ता ठरलेला नसतो, ते संपलं असं कोणी म्हणत नाही. एखाद्या महिन्यात पैसे दिले नाहीत आणि त्याच महिन्यात सहलीला गेलात, तर आई काय म्हणेल? उद्या वडील गेले तर उरलेली रक्कम भावाला द्यायची का? ती गप्प झाली. मग म्हणाली, “सगळ्यांना घेऊन येते.”

पुढच्या वेळी ती, नवरा आणि तिचे आई-बाबा असे चौघं आले. चौघांना कोरे कागद देऊन मी एवढंच विचारलं, ‘हे पैसे म्हणजे काय?’ बोलायचं नाही, एकमेकांचं बघायचं नाही, फक्त लिहायचं. पैशाच्या बाबतीत हे मी नेहमी करते, कारण तोंडी विचारलं की पहिला बोलतो त्याचंच सगळे ओढतात.

वडिलांनी लिहिलं: लेकीला भेट. तिने: कर्ज. जावयाने: सासऱ्यांचा वाटा. आईचा कागद बराच वेळ कोराच होता. शेवटी तिने लिहिलं: आमचं म्हातारपण.

वडिलांनी तो वाचला आणि बायकोकडे बघून म्हणाले, “अगं, मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही विचारलं होतं का?”

त्या दोन वाक्यांनंतर मी बराच वेळ काही बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती.

नंतर आईला मी विचारलं, हे पैसे कधीच परत आले नाहीत तर तुमचं नेमकं काय अडेल? तिचं उत्तर तयार होतं. दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया, आणि दोघांपैकी एकजण अंथरुणाला खिळलं तर सोबतीला माणूस. वडिलांनी सगळी शिल्लक मोजली होती, या दोन गोष्टी धरल्याच नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांसमोर लेकीचं घर होतं. देणाऱ्याचं प्रेम खरं असतं म्हणून त्याचा हिशेबही बरोबर असतो असं नाही, आणि भेट एकदा दिली की ती हक्काने परत मागता येईल असं धरून चालता येत नाही. म्हणून मी प्रत्येक आईवडिलांना सांगते, आधी आपल्या आजारपणाचे आणि पुढच्या वर्षांचे पैसे बाजूला काढा. उरतील त्यातून द्या.

जावयाकडे वळल्यावर तो आधी ‘माझं काही नाही’ म्हणाला. थोड्या वेळाने बोलला. घर बघायला गेले असताना सासरे सहज म्हणून गेले होते, “एक चावी माझ्याकडे असेलच.” ते वाक्य त्याच्या मनात रुतून बसलं होतं. वडील चकित झाले. त्यांच्या मते ती अडीअडचणीची सोय होती. मी त्यांना विचारलं, “पैसे दिले नसते तरी चावी मागितली असती?” त्यांनी विचार केला आणि प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणाले. या माणसाबद्दल मला तिथे फार आदर वाटला.

एक अवघड विषय मीच काढला. भेट मुलीला आहे की दोघांना? संसार टिकला नाही तर या रकमेचं काय? जावयाचा चेहरा पडला, पण पत्रात नाव एकाचं आणि घर दोघांच्या नावावर, हा घोळ नंतर कोर्टात निस्तरणं फार कडवट असतं. कोणाचे किती पैसे आहेत आणि घर विकलं तर ते कसे वाटायचे, हे खरेदीआधीच वकिलाकडून लिहून घ्या, असं मी सुचवलं. कराचंही विचारून घ्यायला सांगितलं, कारण नियम देशागणिक वेगळे आहेत. भारतात आईवडिलांकडून मिळालेल्या रकमेवर मुलांना आयकर लागत नाही. ब्रिटनमध्ये देणारी व्यक्ती ७ वर्षांच्या आत वारली तर ती भेट वारसा कराच्या हिशेबात येऊ शकते. रोख मात्र कुठेही देऊ नये. पैसे कुठून आले ते बँक विचारतेच, खात्यातून खात्यात गेलेले असले की दाखवता येतात.

राहिला भाऊ. त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं, ‘त्याला काय वाटायचंय’ म्हणून. हे वाक्य ऐकलं की मला भीती वाटते, कारण वाटणीच्या वेळी माणसाला आकड्यापेक्षा लपवाछपवी जास्त लागते. वडिलांनी त्याच आठवड्यात त्याला फोन केला. तो थोडा रागावला, आणि मग मृत्युपत्रात ही रक्कम बहिणीच्या वाट्यात धरावी असं त्यानेच सुचवलं. बहिणीलाही ते पटलं. तिच्या छातीवरचं ओझं त्यानेच सर्वांत जास्त हलकं झालं.

शेवटी वडिलांची भेट १५ टक्क्यांवरून ७ वर आली. ते घर हातचं गेलं. लेक रडली, वडिलांना दोन दिवस जेवण गेलं नाही. सव्वा वर्ष दोघांनी पैसे साठवले आणि एक खोली कमी असलेलं घर घेतलं.

नव्या कर्जाच्या वेळी बँकेने पुन्हा पत्र मागितलं, सोबत वडिलांच्या खात्याचे उतारेही. तिने मला फोनवर सांगितलं, “या वेळी आईनेच कपाटातून फाइल काढली. पत्र एकदाच वाचलं, आणि बाबांना म्हणाली, पेन आणा.”