‘ग्रेड वन’ म्हणजे हार्ट फेल नव्हे

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या ६२ वर्षांच्या काकू टू-डी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट घेऊन सुनेबरोबर आल्या. शेवटच्या ओळीभोवती पेनाने गोल काढलेला: ‘ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन’. “पंपिंग ६२ टक्के, चांगलं हाय म्हणत्यात. मग हृदय बिघडलं कसं?” या भीतीपोटी आठ दिवस त्यांचं रंकाळ्यावरचं फिरणं बंद होतं.

पंपिंगचा आकडा हृदय आवळतं तेव्हाचा. ही ओळ मात्र ते सैल पडून रक्ताने भरतं तेव्हाची; ‘ग्रेड वन’ म्हणजे त्यातल्या बिघाडाची पहिली, सौम्य पायरी. दोन डाव्या कप्प्यांमधली झडप उघडली की खालचा कप्पा सैल पडत रक्त ओढून घेतो. रक्ताचा वेग मोजणाऱ्या डॉप्लरवर ती ‘ई’ लाट. मग वरचा कप्पा आवळून उरलेलं रक्त ढकलतो, ती ‘ए’. तरुणपणी ‘ई’ मोठी असते. वय आणि बीपीमुळे स्नायू सावकाश सैल पडायला लागला की ‘ई’ खुजी होते. काकूंची ‘ई’ सेकंदाला ४८ सेंटिमीटर, ‘ए’ ७२, गुणोत्तर ०.६७. साठीनंतर असं उलटलेलं चित्र कित्येकांत दिसतं.

खरा प्रश्न आत दाब साठतोय का, हा. त्यासाठी झडपेच्या कड्याचा वेग टिश्यू डॉप्लरने, म्हणजे रक्ताऐवजी स्नायूची हालचाल टिपणाऱ्या डॉप्लरने, मोजतात. काकूंचा मधल्या पडद्याकडे सेकंदाला ६ सेंटिमीटर, बाहेरच्या भिंतीकडे ८, सरासरी ७. ‘ई’चे ४८ भागिले ७, म्हणजे साधारण ७. हा भागाकार १४ च्या वर गेला की दाब वाढल्याचा संशय घट्ट होतो. डाव्या वरच्या कप्प्याचं आकारमान शरीराच्या प्रति चौरस मीटर २९ मिलिलिटर; ३४ पर्यंत ठीक. काकूंचा दाब वाढलेला नव्हता. हे एक वाक्य रिपोर्टवर छापलं असतं तर त्यांचे आठ दिवस भीतीत गेले नसते, असं आमचं ठाम मत आहे.

आकडे फसवतातही. डॉप्लरची खिडकी, म्हणजे वेग मोजायची जागा, झडपेच्या पाकळ्यांच्या टोकाशी, १ ते ३ मिलिमीटरची हवी. ती कड्याकडे सरकली तर ‘ई’ उगाच लहान येते. नाडी जलद असेल तर दोन्ही लाटा एकमेकींत मिसळतात. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे वरचे कप्पे नीट न आवळता नुसते थरथरतात तेव्हा, ‘ए’ उरतच नाही. आणि जास्त सावध राहावं ते ‘नॉर्मल’ दिसणाऱ्या गुणोत्तरापाशी: दाब वाढला की ‘ई’ पुन्हा उंचावते आणि चित्र निरोगी भासतं. अशा वेळी पेशंटला कुंथायला सांगतात. गुणोत्तर निम्म्यावर घसरलं तर बिंग फुटतं.

काकूंच्या रिपोर्टच्या कोपऱ्यात मात्र तपासणीवेळचं बीपी लिहिलेलं होतं, १५८/९४, आणि त्याभोवती कुणीच गोल काढला नव्हता. काळजी करायची ती याची. डॉक्टरांकडून गोळी ठरवून घ्या, सकाळ-संध्याकाळ बीपी वहीत लिहा, मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा. खर्डा, लोणचं, पापड त्यातच धरायचे. तांबडा-पांढरा रस्सा कायमचा सोडायचा नाही, पण वाटीवर वाटी नको. चालणं उद्यापासून सुरू, बोलता येईल इतक्या वेगानं.

“महिन्यानं परत इको करू?” सुनेनं विचारलं. नको. आडवं पडल्यावर दम लागला, उशी वाढवावी लागली, पाय सुजले किंवा तीन-चार दिवसांत वजन दोन किलोनं वाढलं, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.