फ्लॅटमेटच्या त्रासामुळे लॉक-इन संपायच्या आधी घर सोडता येतं का?

तुम्ही लिहिलंय की फ्लॅटमेट रात्री-बेरात्री दार वाजवते, तुम्ही नसताना खोलीत शिरून सामान उचकते, नको ते मेसेज टाकते आणि मालक म्हणतात लॉक-इन (करारात ठरलेला किमान राहण्याचा काळ) संपेपर्यंत भाडं द्यावंच लागेल. मी यातून गेलेय म्हणून सांगते, घरातून बाहेर पडणं वेगळं आणि करार संपवणं वेगळं. भीती वाटत असेल तर आजच कुणा ओळखीच्याकडे जा, त्याला मालकाची परवानगी लागत नाही, फक्त करार मिटेपर्यंत भाडं अंगावर चढत राहतं.

मग ॲग्रीमेंट काढून बघा, दोघींचं एकच आहे की वेगवेगळं. आमचं एकच होतं, आणि तशा करारात बहुतेक वेळा मालक पूर्ण भाडं कुणा एकीकडूनही मागू शकतो, म्हणजे तुम्ही गेलात आणि तिने दिलं नाही तर फोन तुम्हालाच येणार. वेगळं असेल तर सोपं, ती तिच्या करारापुरती आणि तुम्ही तुमच्या.

मालकाशी फोनवर वाद घालत बसू नका, काय काय झालं ते तारखांसकट मेलवर लिहा आणि नेमकं काय हवंय तेही लिहा. तुम्ही आणि मालक दोघांनी मान्य केलं तर लॉक-इन मधेच मोडता येतो, हे मालक स्वतःहून सांगत नाहीत (का सांगतील म्हणा). आमचे आधी ऐकायलाच तयार नव्हते पण माझ्या जागी दुसरी भाडेकरू बघून देते म्हटल्यावर सूर बदलला. फक्त येणारीला घरात काय चालतं ते खरं सांगा, आपलं दुखणं तिच्या गळ्यात मारू नका.

ते हो म्हणाले की लेखी घ्या, अमुक तारखेपासून भाड्याची जबाबदारी संपली, डिपॉझिटमधून किती कापणार, उरलेलं कधी देणार. नुसत्या 'चालेल'वर विसंबू नका. तोवर भाडं गुपचूप बंद करू नका, नाहीतर त्रास देणारी ती आणि थकबाकीदार तुम्ही असं होतं. वीज किंवा इंटरनेट तुमच्या नावावर असेल तर तिथून तुमचं नावही काढून घ्या.

तिचे मेसेज रागाच्या भरात डिलीट करू नका. धमकी, अंगाला हात लावणं, चोरून फोटो असलं काही असेल तर आधी पोलिसात तक्रार करा, तक्रारीची कॉपी मालकाशी बोलतानाही कामी येते. आणि सामान न्यायला एकट्याने जाऊ नका, किल्ली देण्याआधी खोलीचा व्हिडिओ काढा आणि नवा पत्ता तिला कळू देऊ नका.