तिग्रानपासून सुरुवात करू नका

आर्मेनियाचे राजे वाचायला घेताय, याचा मनापासून आनंद झाला. एकच आग्रह: महान तिग्रान आधी घेऊ नका. त्याचं साम्राज्य डोळे दिपवतं, आणि इ. स. पू. ६९ मध्ये रोमन सेनापती लुकुल्लसने त्याला हरवल्यावर पुढचं सगळं उतरणीचंच वाटू लागतं. ते खरं नाही.

आधी इ. स. ६६ घ्या. त्या वर्षी तिरिदातेस रोममध्ये सम्राट नीरोच्या हातून आर्मेनियाचा मुकुट घेतो. हा पार्थियाच्या, म्हणजे रोमशी टक्कर घेणाऱ्या इराणी साम्राज्याच्या, राजाचा भाऊ. धर्माच्या नियमामुळे समुद्रप्रवास टाळून नऊ महिने खुष्कीच्या वाटेने आलेला. राजा पार्थियाच्या घराण्यातला, मुकुट मात्र रोमचा, अशी तडजोड ६३ मध्ये ऱ्हांदेयाला ठरली होती. ती नीट समजून घ्या, मग ११४ मध्ये रोमन सम्राट ट्राजनने ती मोडून आर्मेनियाला रोमचा प्रांत का केलं, हे लक्षात येईल.

वाचताना सावधही राहा. आर्मेनियन लिपी आली इ. स. ४०५ च्या सुमारास. त्यामुळे या राजांबद्दलचं बरंचसं लेखन ग्रीक आणि रोमन लोकांचं आहे. म्हणून नाणी जरूर बघा. तिग्रानच्या चांदीच्या नाण्यावर त्याचा उंच मुकुट, त्यावर तारा आणि दोन गरुड, मागे अँटिऑक नगरीची देवता. राजाला स्वतःला कसं दाखवायचं होतं, ते तिथे थेट दिसतं.

आणि त्याचा मुलगा अर्तवाझ्द विसरू नका. ग्रीकमध्ये शोकनाट्यं लिहिणाऱ्या या राजाला रोमन सेनानी अँटनीने इ. स. पू. ३४ मध्ये कैद करून अलेक्झांड्रियाला नेलं. मला तो सगळ्यांत जवळचा वाटतो.