मंगळसूत्र सोडवून आणलं, तरी…

प्रश्न : लग्नाला १४ वर्षं झाली, दारू सोडून ३. एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंगा चुकवत नाही. गहाण टाकलेलं बायकोचं मंगळसूत्र गेल्या वर्षी सोडवून आणलं. तरी अर्धा तास उशीर झाला की ती दारातच माझ्या तोंडाचा वास घेते. परवा मुलासमोर घेतला. एवढं करूनही विश्वास बसत नसेल तर उपयोग काय? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ३ वर्षं तुमची. आधीची ११ तिची. जिन्यावरच्या पावलांवरून ‘आज किती झालीय’ हे ओळखायला शिकलेली बाई ते कसब एवढ्यात विसरत नाही. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेल्या शपथाही तिच्या लक्षात असणार. उशीर होणार असेल तर तिने विचारायच्या आधी फोन करा. घरी आल्यावर मोबाइल बाजूला ठेवून तिच्यासमोर बसून चहा घ्या. मुलासमोर वास घेऊ नकोस, एवढं मात्र तिला जरूर सांगा, पण भांडण चालू असताना नको.

एएचे सहसंस्थापक बिल विल्सन दारू सोडल्यावर एकदा बायकोला, लोइसना, मीटिंगसाठी घाई करू लागले, तर लोइसनी जोडा फेकून मारला! नवरा पीत नव्हता, तरी राग होताच. १९५१ मध्ये घरच्यांसाठी ‘अल-अनॉन’ सुरू झालं, त्यात याच लोइस होत्या. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. बायकोला असा गट सुचवा, ढकलू नका.

आणि ते ‘उपयोग काय?’ दारू सोडलेल्यांच्या फॉलोअपला हे ऐकलं की माझे कान टवकारतात. स्लिपच्या, म्हणजे पुन्हा पिण्याच्या, आधी हेच वाक्य फार वेळा ऐकलंय. आजच स्पॉन्सरला, म्हणजे एएमधल्या तुमच्या जुन्या, अनुभवी सोबत्याला, फोन करा.

प्रश्न : लग्नाला २ वर्षं झाली. गेल्या महिन्यात नणंदेच्या तोंडून निसटलं, की नवरा लग्नाआधी गर्द (ब्राउन शुगर) घ्यायचा, दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला. सासूबाई म्हणतात, झालं गेलं गंगेला मिळालं. तो आता काही घेत नाही, पण मला झोप लागत नाही. माहेरी सांगू का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : गंगेला मिळायला आधी ते तुम्हाला कळायला तर हवं होतं! ‘लग्न लावून द्या, सुधारेल’ या सल्ल्याने किती मुलींना न विचारता परिचारिका करून टाकलं, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. तुमचा राग लपवण्यावर आहे आणि तो रास्त आहे. त्याचं गर्दपासून दूर राहणं ही मात्र वेगळी गोष्ट. टर्की, म्हणजे गर्द बंद केल्यावरचा शरीराचा त्रास, काढून बाहेर पडलेला माणूस इतका काळ टिकला असेल, तर ते सोपं नव्हतं.

त्याच्याशी एकट्याने बोला, सासूबाई शेजारी नकोत. शेवटचं कधी घेतलं? सुईने घेतलं होतं का? उत्तर ‘हो’ असेल तर दोघांनीही एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या तपासण्या करा. यातला सी आता बहुतेकांचा काही आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. आणखी एक गोष्ट दोघांनाही माहीत असू द्या : बराच काळ बंद ठेवल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते, तेव्हा जुन्या मापाने एकदा जरी घेतलं तरी जीव जाऊ शकतो. अशी ओढ कधी लागली तर तुम्हाला सांगायची सोय त्याला घरात हवी, आणि ती दर भांडणात ‘गर्दुल्ला’ म्हटल्याने राहत नाही.

माहेरी एकाच माणसाला सांगा, जो ऐकून गप्प बसू शकेल. भावकीची बैठक नको. कायद्याचं म्हणाल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली, फसवणुकीने संमती घेतल्याच्या कारणावरून विवाह रद्द करण्याचा अर्ज ती उघड झाल्यापासून १ वर्षाच्या आतच करावा लागतो. कळल्यावर राजीखुशीने एकत्र राहिलात तर तोही मार्ग बंद होतो. लपवलेलं व्यसन त्यात बसतं की नाही, ते न्यायालय ठरवतं. वकिलाला भेटलात म्हणजे नवऱ्याला सोडलंत असं होत नाही.

प्रश्न : नवरा ८ महिने सोबर आहे. दिवाळीला त्याचे जुने मित्र येतील या भीतीने मी डायसल्फिरामची (दारू सोडवण्यासाठी देतात ती) गोळी कुटून त्याच्या आमटीत घालते. चुकतंय का? – एक वाचक, लातूर

उत्तर : हो. आजच थांबवा. पोटात हे औषध असताना दारू गेली तर धडधड, उलट्या, रक्तदाब कोसळणं, क्वचित मृत्यूही. बंद केल्यावरही परिणाम २ आठवड्यांपर्यंत राहू शकतो, म्हणून त्याला सांगावंच लागेल. डॉक्टरांनी तपासून, त्याला माहीत असताना दिलं तर ते औषध. मित्रांना मात्र या दिवाळीला घरी बोलवू नका. वाईट वाटलं तर वाटू दे.

प्रश्न : मी एएच्या बारा पायऱ्यांपैकी नवव्या पायरीवर आहे. पिण्याच्या काळात एका बाईशी संबंध होते. बायकोला सगळं सांगून मोकळा होऊ का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नववी पायरी पुरती वाचा. ज्यांना दुखावलं त्यांची भरपाई करा, पण त्याने त्यांना किंवा इतरांना इजा होणार असेल तेव्हा नाही, असं तिथेच म्हटलंय. तुमच्या पत्रातला ‘मोकळा’ हा शब्द मला खटकला. मोकळे तुम्ही व्हाल, ओझं तिच्या डोक्यावर. आधी स्पॉन्सरपाशी सगळं बोला. मात्र दोन बाबतींत थांबू नका. संसर्गाची शक्यता असेल तर तपासणी करा आणि तिलाही सांगा. ती बाई किंवा दुसरं कोणी बायकोपर्यंत पोहोचणार असेल, तर त्याआधी तुम्हीच सांगा. वर्णनं नकोत. ती विचारेल तेवढ्याचंच खरं उत्तर द्या. त्या रात्री ती माहेरी गेली, तर मागोमाग जाऊ नका.