फलकावर नावं कोणाकोणाची?

प्रश्न : मी औसा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. विज्ञान दिनाला आमची मुलं डासांमुळे होणाऱ्या आजारांवर प्रदर्शन मांडणार आहेत. क्युबातल्या पिवळ्या तापाच्या प्रयोगांत ज्यांनी स्वतःला डास चावून घेतले, त्यांच्या नावांचा एक फलक करावा असं मनात आहे. माझे एक सहकारी मात्र म्हणतात, त्यांतल्या कितीतरी जणांनी पैसे घेतले होते. तेव्हा नावं फक्त डॉक्टरांची आणि फुकट पुढे आलेल्यांची लावा. तुमचं काय मत आहे?
– एक शिक्षिका

उत्तर : ताई, सगळ्यांची लावा. पैसे घेतलेल्यांची तर आठवणीने लावा.

माझी उभी नोकरी हिवतापाच्या काचपट्ट्या तपासण्यात गेली. तापाने फणफणलेला माणूससुद्धा बोट टोचायला पुढे करताना कचरतो, हे मी रोज बघत आलो. आणि इथे धडधाकट माणसांनी आपला हात पुढे केला. त्यावर काचेची नळी उपडी धरली जायची आणि आतला डास पोटभर रक्त पीत बसायचा. तो डास आधी पिवळ्या तापाच्या रुग्णाला चावून आलाय, हे त्यांना ठाऊक असायचं.

पिवळा ताप म्हणजे आधी सणकून ताप, मग कावीळ, मग काळी उलटी, आणि पुष्कळदा मरण. हवानाचे डॉक्टर कार्लोस फिनले १८८१ पासून सांगत होते की हा आजार डास पसरवतो. त्यांचं कोणी मनावर घेतलं नाही. १९०० साली अमेरिकन लष्कराने वॉल्टर रीड, जेम्स कॅरोल, जेसी लाझिअर आणि अरिस्टिदेस आग्रामोन्ते या चौघांचं कमिशन क्युबात नेमलं. या आजारासाठी वापरता येईल असा प्राणी तेव्हा ठाऊक नव्हता, म्हणून प्रयोग माणसांवरच करावे लागले. कॅरोल यांनी स्वतःला डास चावून घेतला आणि ते मरणाच्या दारातून परत आले. लाझिअर त्याच तापाने २५ सप्टेंबर १९०० ला गेले, वय अवघं ३४. नोव्हेंबरात हवानाजवळ तंबू ठोकून जी छावणी उभी राहिली, तिला त्यांचंच नाव दिलं.

त्या छावणीतल्या दोन लाकडी खोल्या तुमच्या मुलांना नीट समजावून सांगा. पहिल्या खोलीच्या खिडक्या बंद, आत शेगडी पेटवून मुद्दाम वाढवलेली उष्णता, आणि पेट्या भरून पिवळ्या तापाच्या रुग्णांच्या चादरी, उशांचे अभ्रे, कपडे. उलटी, लघवी, शौचाने बरबटलेले. डॉक्टर रॉबर्ट कुक आणि दोन सैनिक ३० नोव्हेंबरच्या संध्याकाळी आत गेले. पेट्या उघडल्या तेव्हा त्या वासाने तिघं बाहेर पळाले, मग पुन्हा आत गेले, ते कपडे झटकले, अंथरले आणि त्यांच्यावर झोपले. सलग २० रात्री. त्यांच्यानंतर आणखी जोड्या आल्या. कोणी रुग्णांचे अंगातले सदरे घालून झोपलं. एकालाही ताप आला नाही. घाणेरड्या कपड्यांतून आजार पसरतो, ही पिढ्यान् पिढ्यांची समजूत तिथे संपली.

दुसरी खोली स्वच्छ होती, मधोमध तारेच्या जाळीचा पडदा. २१ डिसेंबरला एका बाजूला १५ डास सोडले. जॉन मोरान नावाचा तरुण कारकून आंघोळ करून आत गेला आणि खाटेवर पडून राहिला. जाळीच्या पलीकडे दोघं जण तीच हवा घेत होते, फक्त त्यांच्याकडे डास नव्हते. ते दोघं ठणठणीत राहिले आणि मोरान नाताळच्या दिवशी तापाने पडला. त्याने आणि सैनिक जॉन किसिंजरने पैसे नको म्हटलं होतं. किसिंजरला ५ डिसेंबरला डास चावले आणि तिसऱ्या दिवशी ताप चढला. तुमचे सहकारी म्हणतात ते फुकट पुढे आलेले, ते हे.

आता पैसेवाले. स्पेनमधून पोटासाठी क्युबात नुकतीच आलेली ही मजूर माणसं. त्यांच्याशी स्पॅनिश आणि इंग्रजीत लेखी करार झाला : १०० डॉलर सोन्यात, ताप आला तर आणखी १००, आणि माणूस दगावला तर रक्कम तो सांगेल त्या वारसाला. जिवाला धोका आहे, हे करारात स्पष्ट लिहिलंय. माणसाला आधी सांगून, त्याची सही घेऊन प्रयोग करण्याची जी रीत आज आपण मानतो, तिच्या सुरुवातीच्या कागदांत हा करार धरतात. तेव्हा तो कागद ज्यांच्या सहीने पुरा झाला, त्यांनाच फलकावरून वगळायचं हे मला पटत नाही. गरजेपोटी जीव धोक्यात घातला म्हणून धोका कमी होत नाही. आपल्याकडचे ऊसतोड मजूर उचल घेऊन जातात, म्हणून त्यांच्या कष्टाला कोणी कमी लेखतं का?

आणखी एक. क्लारा मास ही अमेरिकन परिचारिका १९०१ मध्ये हवानात अशाच पुढच्या प्रयोगांत उतरली आणि २४ ऑगस्टला गेली, वय २५. त्याच प्रयोगांत दोन स्पॅनिश स्थलांतरितही दगावले. क्लाराच्या नावाने क्युबाने १९५१ मध्ये टपाल तिकीट काढलं, अमेरिकेने १९७६ मध्ये. ती जिथे शिकली त्या रुग्णालयाला तिचं नाव मिळालं. आणि पैसे तिलाही मिळाले होते! म्हणजे विसर पडायचं कारण पैसा नव्हता. त्या दोघांसाठी बोलणारं मागे कोणी नव्हतं.

अमेरिकन संसदेने २८ फेब्रुवारी १९२९ ला कायदा करून रीड यांच्या प्रयोगांतल्या माणसांची सन्मानयादी केली, त्यांना सुवर्णपदकं आणि दरमहा १२५ डॉलर दिले. (तारीख बघा, आपल्या विज्ञान दिनाचीच.) स्पॅनिश मजूर त्या यादीत नाहीत. माझी आजी सांगायची, रझाकारांविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या छावण्यांना रात्री भाकरी पोचवणाऱ्या बाया गावोगाव होत्या. पुढे पेन्शनला कागद लागला, तो त्यांच्याकडे नव्हता. आणि गावच्या स्मृतिस्तंभावर आजीच्या मैत्रिणींपैकी एकीचंही नाव नाही. याची चीड मला आजही येते, म्हणून तुमच्या फलकाबद्दल इतकं पोटतिडकीने लिहितोय.

मग त्या मजुरांचे कागद आपल्यापर्यंत कसे पोचले? डॉक्टर फिलिप हेंच यांच्यामुळे. पुढे १९५० चं नोबेल मिळवणारा हा माणूस संधिवातावर काम करायचा, पण या प्रयोगांनी त्याला झपाटलं होतं. हयात असलेल्या किसिंजर आणि मोरान यांना त्याने पत्रं लिहिली, आठवणी लिहून घेतल्या, फोटो आणि कागद जमवले. छावणीची जागाही कोणाला धड सांगता येत नव्हती. मोरानच्या मदतीने ती शोधली, तेव्हा पहिली खोली अजून उभी होती. १९५२ मध्ये क्युबाने तिथे स्मारक केलं. हेंच यांनी जमवलेले कागद आज व्हर्जिनिया विद्यापीठात आहेत, त्यांत ते करारही आहेत. आंतोनियो बेनिग्नो, निकानोर फर्नांदेस ही नावं त्या छावणीतलीच. मुलांना ती मोठ्या अक्षरांत काढायला सांगा.

फलकावर एक नाव आपल्या बाजूचंही घाला : हुसेन खान. ऑगस्ट १८९७, सिकंदराबाद. आपला मराठवाडाही तेव्हा निजामाच्याच राज्यात. हिवतापाने आजारी असलेल्या हुसेन खानने रोनाल्ड रॉस यांचे डास स्वतःला चावू दिले, डासामागे एक आणा घेऊन. त्यांतल्याच एका डासाच्या पोटात रॉस यांना २० ऑगस्टला हिवतापाचे जंतू सापडले. रॉस यांना नोबेल मिळालं. हुसेन खानचं नाव किती पाठ्यपुस्तकांत आहे, ते तुम्हीच मुलांना शोधायला लावा.

गावात कोणी कोविड लशीच्या चाचणीत भाग घेतला असेल, तर त्यांचं नाव मात्र विचारल्याशिवाय लावू नका. ती माहिती गोपनीय असते. ते हो म्हणाले तर मुलांना त्यांच्या घरी न्या आणि त्यांच्याच शब्दांत सगळं वहीत उतरवून घ्या.

प्रश्न : मुलगा नोकरीसाठी नायजेरियाला चाललाय. पिवळ्या तापाची लस लागेल म्हणतात. आपल्याकडे हा आजारच नाही, मग कशाला?
– एक वाचक, परभणी

उत्तर : नायजेरियात आहे, म्हणून त्याच्यासाठी, आणि परत येताना आपल्यासाठीही. हा आजार पसरवणारा एडिस इजिप्ती डास आपल्या घरोघरी आहे, डेंगीचा तोच. आठ-आठ दिवस नळ येत नाही तिथे रांजण, टाक्या, पिंप भरून ठेवावेच लागतात, आणि त्याची अळी त्याच साठवलेल्या पाण्यात वाढते. विषाणू एकदा इथे आला तर त्याला डास शोधावे लागणार नाहीत. म्हणूनच अशा देशातून लशीच्या प्रमाणपत्राशिवाय आलेल्या प्रवाशाला आपलं सरकार विमानतळावरून थेट विलगीकरणात पाठवू शकतं.

लस मॅक्स थायलर यांनी १९३७ मध्ये तयार केली तीच आहे. ती सरकारमान्य केंद्रातच मिळते. अंड्याची ॲलर्जी असेल तर तिथल्या डॉक्टरांना आधी सांगा. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून १० दिवसांनी लागू होतं आणि २०१६ पासून ते जन्मभर चालतं, तेव्हा तिकिटाच्या तारखेआधी लशीची तारीख पक्की करा.